मिसिंग: जुन्या इंजिनाच्या एका चिवट दुखण्याचे निदान

सोलापूरहून अक्कलकोटकडे निघालेला रस्ता शहर सोडताना औद्योगिक वसाहतीजवळून जातो. या वसाहतीत १९९२ साली स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी आहे, आणि तिने घडवलेले कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा ठरल्या क्षणी उघडून मिटवणारे दंड, देशातल्या आणि परदेशांतल्या मोटार कंपन्यांच्या नव्या इंजिनांत बसतात. मोटारीशी सोलापूरचे नाते याहूनही जुने आहे. १८८२ साली सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली, आणि तिच्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी फियाट आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने बाहेर पडलेल्या गाड्यांवर महाराष्ट्रातल्या मेकॅनिकांच्या दोन पिढ्यांचा हात बसला. तोच रस्ता कुंभारी मागे टाकून दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या वळसंगला पोहोचतो, तेव्हा मात्र मोटारीच्या आयुष्याचे दुसरे टोक समोर येते. शहरातल्या पहिल्या मालकाने वापरून विकलेली, दुसऱ्या-तिसऱ्या नावावर चढलेली, मीटर दीड-दोन लाख किलोमीटरच्या पुढे गेलेली मारुती ८००, ओम्नी, सँट्रो किंवा इंडिका अशा मोठ्या गावांत संसाराला लागते. शेत, बाजार, दवाखाना आणि गुरुवारी स्वामींचे दर्शन ही सगळी कामे तिच्याच भरवशावर चालतात. अशा गाडीला जडणाऱ्या दुखण्यांपैकी सर्वांत चिवट, मालकाला सर्वांत जास्त खर्चात टाकणारे आणि तरीही बहुधा अर्धवट तपासाने हाताळले जाणारे दुखणे म्हणजे इंजिनाचे मिसिंग.

इंजिनाच्या एका किंवा अधिक सिलिंडरांत ज्या क्षणी इंधन पेटायला हवे त्या क्षणी ते न पेटणे किंवा अर्धवट पेटणे, याला मेकॅनिकांच्या बोलीत मिसिंग म्हणतात. निकोलस ऑटो याने १८७६ साली सिद्ध केलेल्या चार टप्प्यांच्या चक्रावर आजही पेट्रोलची मोटार चालते: पिस्टन खाली जाताना हवा आणि इंधन यांचे मिश्रण आत ओढले जाते, वर येताना ते दाबले जाते, ठिणगीने पेटल्यावर ते पिस्टनला खाली रेटते आणि शेवटी जळका वायू बाहेर पडतो. या चक्रात क्रँकशाफ्टचे, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालचालीचे फिरण्यात रूपांतर करणाऱ्या मुख्य दंडाचे, दोन फेरे होतात. त्यामुळे गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला ९०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरात मिनिटाला ४५० वेळा ज्वलन व्हायला हवे. मारुती ८०० च्या ७९६ घनसेंटिमीटर इंजिनाला सिलिंडर तीनच असल्यामुळे त्यातला एक बसला की ताकदीचा तिसरा हिस्सा जातो आणि पालखीचा एक खांदेकरी निसटावा तसा सगळा डोलारा एका बाजूला हिसके देऊ लागतो. चार सिलिंडरांच्या गाडीत हाच दोष सौम्य वाटतो, आणि त्यामुळेच तो महिनोन्‌महिने अंगावर काढला जातो.

ज्वलनासाठी तीन गोष्टी लागतात: पुरेसा दाब, योग्य प्रमाणातले मिश्रण आणि वेळेवर पडणारी जोरकस ठिणगी. मिसिंगचे कोणतेही कारण या तिन्हींपैकी एकीतच सापडते. प्रश्न एवढाच की तपासाला सुरुवात कुठून करायची. रस्त्याकडेच्या गॅरेजात सुरुवात जवळजवळ नेहमीच ठिणगीपासून, त्यातही स्पार्क प्लगपासून होते. याला व्यवहाराचे कारण आहे, कारण प्लग स्वस्त असतो, हाताशी असतो आणि दहा मिनिटांत बदलता येतो. नवा प्लग बसवला की गाडी पंधरा दिवस, महिनाभर बरी चालते आणि पुन्हा झटके देऊ लागते; मग प्लगच्या वायरी, त्यानंतर कॉइल, मग इंजेक्टरची सफाई अशा क्रमाने भाग बदलत जातात, आणि प्रत्येक बदलानंतर थोडा काळ फरक पडल्याचा भास होत राहतो. हा भास फसवा असला तरी अकारण नसतो. ज्या सिलिंडरात दाब कमी आहे किंवा ऑइल चढते आहे, तिथे जुना मळलेला प्लग हार मानतो आणि नवा, स्वच्छ टोकांचा प्लग काही दिवस तग धरतो. अशा गाडीत प्लग हा दोषी नसून दोषाचा बळी असतो, आणि बळी बदलत राहिल्याने दोष जात नाही.

म्हणूनच चिवट मिसिंगच्या तपासाचा पहिला नियम असा की काय बिघडले आहे हे विचारण्याआधी कोणता सिलिंडर बिघडला आहे हे ठरवावे. त्यासाठीची जुनी रीत आजही सर्वांत खात्रीची आहे. इंजिन संथ चालू ठेवून एकेका सिलिंडरचे काम क्षणभर बंद करायचे आणि फेऱ्यांवर काय परिणाम होतो ते पाहायचे. धडधाकट सिलिंडर बंद केला की इंजिन लगेच खचते. आधीच मेलेला सिलिंडर बंद केला तर काहीच फरक पडत नाही. पॉइंट आणि डिस्ट्रिब्यूटर असलेल्या गाड्यांत, म्हणजे एकाच कॉइलची ठिणगी फिरत्या रोटरने पाळीपाळीने वाटून देणाऱ्या रचनेत, मेकॅनिक प्लगची वायर उपटून हे करत असत. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत ही सवय महाग पडते, कारण जायला वाट न मिळालेला उच्च दाबाचा प्रवाह कॉइलचे किंवा तिच्या मॉड्युलचे आतले आवरण फोडू शकतो. तिथे वायर बॉडीला टेकवून ठेवावी किंवा प्रत्येक सिलिंडराला वेगळा इंजेक्टर असल्यास त्याचा कनेक्टर काढावा, आणि ही दुसरी रीत अधिक चांगली, कारण तिने न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमध्ये जात नाही.

सिलिंडर सापडला की दुसरी पायरी अदलाबदलीची. दुसरा सिलिंडर मिसिंग करत असेल तर त्याचा प्लग पहिल्यात आणि पहिल्याचा दुसऱ्यात घालावा. दोष प्लगबरोबर सरकला तर प्लग वाईट, जागेवरच राहिला तर पुढे वायर, मग कॉइल, मग इंजेक्टर अशी एका वेळी एकच वस्तू हलवावी. या चाचणीला नवा भाग लागत नाही, पैसा लागत नाही, आणि तिचे उत्तर महागड्या उपकरणाइतके स्पष्ट येते. एकाच वेळी दोन वस्तू बदलल्या तर मात्र तिचा सगळा अर्थ निघून जातो, आणि घाईच्या गॅरेजात नेमके तेच होते. काही गाड्यांत एक कॉइल दोन सिलिंडरांना मिळून ठिणगी देते. तिथे पहिला आणि चौथा, किंवा दुसरा आणि तिसरा, असे जोडीने मिसिंग करत असतील तर वेगळ्या चाचणीवाचूनही बोट कॉइलकडे किंवा तिच्या जोडणीकडे वळते.

काढलेला प्लग फेकण्याआधी उजेडात धरून पाहण्यासारखा असतो. मधल्या टोकाभोवतीचे चिनी मातीचे नाक फिकट बदामी किंवा राखाडी असेल तर त्या सिलिंडरातले ज्वलन ठीक आहे. कोरडी, बोटाला लागणारी काजळी मिश्रणात पेट्रोल जास्त झाल्याचे सांगते, तर ओला, काळा, तेलकट थर पिस्टनच्या रिंगांवरून किंवा झडपांच्या सीलमधून ऑइल आत येत असल्याचे. नाक पांढरेफटक आणि टोके झिजून गोल झालेली असतील तर मिश्रणात हवा जास्त आहे किंवा इंजिन तापते आहे; आणि चारांपैकी एकच प्लग वाफेने धुतल्यासारखा लख्ख निघाला तर त्या सिलिंडरात रेडिएटरचे पाणी शिरत असण्याची शंका घ्यावी. दोन टोकांमधली फट फिलर गेजने, म्हणजे मोजीव जाडीच्या पोलादी पात्यांच्या जुडीने मोजतात. बहुतेक गाड्यांत ती ०.८ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान असते. झिजून ती वाढली की ठिणगीला उडी मारण्यासाठी जास्त व्होल्टेज लागते आणि मूळचीच अशक्त कॉइल उघडी पडते. चिनी मातीवर उभी, पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर ठिणगी टोकापर्यंत न जाता बाहेरूनच उतरत असल्याचा तो पुरावा समजावा. मग प्लगबरोबर त्याची रबरी टोपीही बदलावी, नाहीतर जुनी टोपी नव्या प्लगवर तीच रेघ ओढते.

ठिणगीच्या तपासात एक चूक इतकी सार्वत्रिक आहे की ती वेगळी नोंदवली पाहिजे. प्लग काढून वायरीला जोडायचा, त्याचे धातूचे अंग इंजिनाला टेकवायचे, स्टार्टर मारायचा आणि ठिणगी दिसली की करंट आहे असा निर्वाळा द्यायचा, ही चाचणी अपुरी आहे. उघड्या हवेत एक मिलिमीटरची फट ओलांडायला तीन-चार हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरात दाबल्या गेलेल्या मिश्रणातून तीच फट ओलांडायला त्याच्या कितीतरी पट व्होल्टेज लागते, आणि चढावर किंवा पूर्ण रेस दिल्यावर दाब वाढतो तशी ही गरज आणखी वाढते. उभ्या गाडीत गुण्यागोविंदाने चालणारे इंजिन भरल्या गाडीत टॉप गिअरला झटके का देते, याचे उत्तर बहुतेकदा इथेच असते. सोलापूरच्या उन्हाळ्यात, जेव्हा पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त तापमान होते, तेव्हा कॉइलमधल्या तांब्याच्या तारांचा विरोध वाढतो आणि आवरणाला गेलेले सूक्ष्म तडे काम करू लागतात. सकाळी निर्दोष निघालेली गाडी दुपारी परतताना मिसिंग करते आणि गॅरेजात पोहोचेपर्यंत थंड होऊन पुन्हा बरी होते. अशा गाडीची परीक्षा तापलेल्या स्थितीतच घ्यावी लागते. रात्रीच्या अंधारात चालत्या इंजिनाच्या वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारला तर गळती असलेल्या जागी निळसर ठिणग्या नाचताना दिसतात. पावसाळी सकाळीच होणारे मिसिंग पकडण्याची ही सोपी रीत आहे, फक्त हात दूर ठेवावेत.

गॅसवर चालणाऱ्या गाड्यांचे प्रकरण निराळे आहे आणि या भागात ते फार महत्त्वाचे आहे. एलपीजी किंवा सीएनजी यांचे मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जोरकस ठिणगी लागते, म्हणून पेट्रोलवर न जाणवणारा प्लग-कॉइलचा कमकुवतपणा गॅसवर आधी दिसतो. गाडी गॅसवर झटके देते आणि पेट्रोलवर नीट चालते, एवढ्यावरून गॅस किटला दोष देणे घाईचे ठरते. याहून गंभीर गोष्ट झडपांची. गॅस कोरडा जळतो. द्रवरूप पेट्रोलमुळे झडपांच्या बैठकांना मिळणारा गारवा आणि संरक्षण त्यात नसते, आणि हजारो किलोमीटरनंतर एक्झॉस्ट झडप आपल्या बैठकीत खोल रुतत जाते. झडप रुतली की तिची दांडी तितकीच वर सरकते आणि कॅम व झडप यांच्यामधली मोकळी फट, जिला मेकॅनिक टॅपेटची सेटिंग म्हणतात, कमी कमी होत नाहीशी होते. मग इंजिन तापल्यावर दांडी प्रसरण पावते, झडप पूर्ण मिटत नाही, तिच्या कडेवरून धगधगता वायू निसटतो आणि कड जळू लागते. टॅपेटचा आवाज येत नाही म्हणजे इंजिन उत्तम, ही मालकांची समजूत या ठिकाणी उलटी ठरते, कारण थोडे खडखडणारे टॅपेट निरुपद्रवी असतात आणि मुके झालेले टॅपेट झडपा जाळतात. गॅसवरच्या जुन्या गाडीत मिसिंग संथ गतीला, तापल्यावर, आणि वेग वाढवताच कमी होणारे असेल, तर प्लगला हात लावण्याआधी टॅपेटची फट मोजावी. वेळीच मोजली तर काम अर्ध्या तासाचे असते. उशीर झाला तर हेड उतरवून लेथवाल्याकडे पाठवावे लागते.

दाबाची चाचणी या सगळ्याचा निकाल लावते आणि तरीही ती सर्वांत कमी वेळा केली जाते. सगळे प्लग काढून, इंधन आणि ठिणगी बंद ठेवून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून प्रत्येक भोकात कॉम्प्रेशन गेज लावून स्टार्टर मारला की प्रत्येक सिलिंडरचा दाब कळतो. निकोप पेट्रोल इंजिनात तो दर चौरस सेंटिमीटरला साधारण १२ ते १४ किलो भरतो. लाख-दीड लाख किलोमीटर चाललेल्या इंजिनात तो सगळीकडे सारखाच थोडा उतरलेला असेल तर काळजीचे कारण नाही. सिलिंडरांमधला फरक एक किलोहून जास्त असेल तर मात्र आहे. कमी दाबाच्या सिलिंडरात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. ऑइल पिस्टनच्या कडेची फट क्षणभर बुजवते, म्हणून दाब वाढला तर रिंगा झिजलेल्या असतात, आणि न वाढल्यास दोष झडपांत किंवा हेड गॅस्केटमध्ये असतो. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब एकदमच कोसळला असेल तर गॅस्केट दोघांच्या मधल्या पट्टीत उडाले आहे असे समजावे. सोलापूरकडच्या जड बोअरच्या पाण्याचा संबंध इथे येतो. कूलंटऐवजी वर्षानुवर्षे तेच पाणी घालत राहिल्यास रेडिएटरच्या नळ्यांत आणि इंजिनाच्या पाण्याच्या वाटांत क्षारांचा थर साचतो, इंजिन तापते, हेड किंचित वाकते आणि गॅस्केट सुटते. कूलंटचा खर्च वाचवून हेडचे काम ओढवून घेण्याचा हा प्रकार आहे.

दाब ठीक आहे, ठिणगी ठीक आहे आणि तरीही इंजिन मिसिंग करते, अशा वेळी मिश्रणाकडे वळावे. कडक झालेले रबरी पाइप आणि इनटेक मॅनिफोल्डचे सुकलेले पॅकिंग यांतून इंजिन बाहेरची हवा घेते. ही गळती संथ गतीला जास्त जाणवते आणि सांध्यांवर कार्ब क्लीनरचा फवारा मारताच फेरे बदलले तर जागा सापडते. इंधनाचा प्रश्न अलीकडे नव्याने पुढे आला आहे. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचे देशातले पहिले प्रयोग २००१ साली ज्या ठिकाणी झाले त्यांत महाराष्ट्रातली मिरज आणि मनमाड ही होती, आणि उसाच्या सोलापूर जिल्ह्याला इथेनॉलचे अर्थकारण परके नाही. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असल्याने त्याला कमी हवा पुरते. ऑक्सिजन सेन्सर असलेली गाडी त्यानुसार इंधन वाढवून घेते, पण जुन्या कार्ब्युरेटरला हे जमत नाही आणि मिश्रणात हवा जास्त होते. शिवाय इथेनॉल ओलावा शोषते, त्यामुळे पावसाळ्यात महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत पाणी तळाशी वेगळे होऊ शकते. मात्र जुन्या गाडीचे प्रत्येक मिसिंग इथेनॉलच्या माथी मारण्याची जी प्रथा पडते आहे, तिला आधार नाही. इंधन वाईट असेल तर सगळे सिलिंडर आळीपाळीने चुकतात. एकच सिलिंडर सतत चुकत असेल तर दोष टाकीत नसतो.

स्कॅनरची मदत गाडीच्या वयावर अवलंबून असते. १ एप्रिल २०१० रोजी भारत स्टेज ४ हे प्रदूषण मानक ज्या १३ शहरांत आधी लागू झाले त्यांत दिल्ली-मुंबईच्या पंगतीला सोलापूरही होते; मिसिंगवर नजर ठेवणारी पूर्ण स्वनिदान यंत्रणा मात्र २०१३ पासून सक्तीची झाली. ही यंत्रणा क्रँकशाफ्टच्या वेगातले सूक्ष्म चढउतार मोजून कोणत्या सिलिंडराचा रेटा कमी पडला ते ओळखते, आणि पी ०३०१, पी ०३०२ अशा संकेतांतला शेवटचा आकडा सिलिंडराचा असतो, तर पी ०३०० म्हणजे दोष एका ठिकाणी स्थिर नाही. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा उघडझाप करू लागला तर गाडी थांबवावी, कारण न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटून त्याची जाळी वितळवते. पण स्कॅनर सिलिंडर सांगतो, कारण सांगत नाही. पी ०३०२ वाचून दुसऱ्या सिलिंडरची कॉइल बदलणे हे निदान नव्हे. २०१३ पूर्वीच्या बहुतेक गाड्यांत तर तो एवढेही सांगत नाही, आणि तिथे हात, कान व गेज यांनाच पर्याय नाही. सगळे आकडे बरोबर येऊनही एक सिलिंडर अशक्त राहिला तर झडपांचे झाकण काढून कॅमशाफ्टची लोब, म्हणजे झडप दाबणारा उंचवटा, तपासावी. ती झिजली की झडप पुरेशी उघडत नाही, आणि वळसंगहून अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीपर्यंतच्या पल्ल्यात जो भाग परदेशी इंजिनांसाठी घडतो तोच भाग गावातल्या इंजिनात कोणी तपासत नाही असा विचित्र योग दिसतो.

मालकाच्या खिशात मात्र एक पुरावा गाडीच्या मानकानुसार दर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने येऊन पडत असतो आणि त्याकडे कोणी पाहत नाही. पीयूसीच्या प्रमाणपत्रावर कार्बन मोनॉक्साइड टक्क्यांत आणि हायड्रोकार्बन दर दशलक्ष भागांमागे छापलेले असतात. भारत स्टेज २ व ३ च्या पेट्रोल मोटारींना त्यांच्या मर्यादा ०.५ टक्के आणि ७५०, तर स्टेज ४ च्या मोटारींना ०.३ टक्के आणि २०० आहेत. हायड्रोकार्बन म्हणजे न जळलेले पेट्रोल. कार्बन मोनॉक्साइड जागच्या जागी असताना हायड्रोकार्बन एका प्रमाणपत्रावरून दुसऱ्यावर चढत गेले असेल तर एखादा सिलिंडर चुकू लागला आहे, आणि दोन्ही चढले असतील तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे. १५ वर्षांनंतरच्या फेरनोंदणीचे मोटारीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५००० रुपये झाल्यावर जुनी गाडी राखणे तसेही स्वस्त राहिलेले नाही. तेव्हा मिसिंगची तक्रार घेऊन गॅरेजात जाताना मागची तीन-चार पीयूसी प्रमाणपत्रे बरोबर न्यावीत, आणि कोणताही भाग बदलण्याला होकार देण्याआधी प्रत्येक सिलिंडरचा दाब कागदावर लिहून मागावा.